शहराचं बांधकाम मंडळ: खड्डे, गटारं, दिवे आणि खोदकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहराच्या बांधकाम खात्यात आधी तक्रारींच्या टेबलावर आणि मग प्रत्यक्ष कामांवर मी बरीच वर्षं काढली. माणसं बदलतात, गल्ल्या बदलतात, प्रश्न मात्र तेच येतात. त्यांची उत्तरं इथे जमेल तितकी सरळ दिली आहेत. नियम गावोगाव वेगळे असतील, मंडळाचं नावही वेगळं असेल. पण डांबर, माती आणि पाणी सगळीकडे सारखंच वागतात.

बांधकाम मंडळ म्हणजे नक्की कोण?

रस्ते, फुटपाथ, गटारं, पूल, पथदिवे यांच्याबद्दल निर्णय घेणारी छोटी समिती. सदस्य तीन, पाच, सात असे असतात. कुठे महापौर नेमतात, कुठे निवडून आलेल्या सभासदांमधूनच घेतात. लॉस एंजेलिसच्या मंडळावर पाच पूर्णवेळ सदस्य आहेत. लहान शहरांत हेच काम ठरलेल्या दिवशी भरणाऱ्या बैठकीत उरकलं जातं.

मंडळ स्वतः खड्डा बुजवत नाही. ते निविदा मंजूर करतं, खोदाईला परवानगी देतं, रस्ता तात्पुरता बंद ठेवायला मान्यता देतं, बिलं पास करतं, नुकसानभरपाईचे अर्ज निकाली काढतं. खड्डा बुजवतात त्याच्या हाताखालचे अभियंते, पर्यवेक्षक, मुकादम आणि त्यांची गँग. रोजची तक्रार विभागाकडे करायची. पैसा, परवानगी किंवा धोरणाचा प्रश्न असेल तर मंडळाकडे जायचं. हे न कळल्यामुळे कितीतरी अर्ज महिनाभर चुकीच्या टेबलावर पडून राहतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते.

अशा मंडळाची गरजच काय? खातं असतंच ना?

याचं उत्तर लंडनमध्ये सापडतं. तिथल्या गटारांचा विचार अख्ख्या शहरासाठी एकत्र व्हावा म्हणून १८५५ च्या कायद्याने ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ स्थापन झालं. तरीही पैसा आणि अधिकार यांवरून कामं अडली होती. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. मग काही आठवड्यांत कायदा झाला आणि मंडळाचे मुख्य अभियंता जोसेफ बाझलजेट यांना मोठ्या गटारांची कामं हाती घेता आली. त्यांतली बरीच गटारं आजही वाहताहेत. गटार वॉर्डाची हद्द ओळखत नाही. उताराच्या वरच्या टोकाचा निर्णय खालच्या टोकाच्या घरात घुसतो, म्हणून सगळं शहर डोळ्यांपुढे ठेवून ठरवणारं कुणीतरी लागतं.

तक्रार कशी लिहावी म्हणजे तिच्यावर काम होईल?

“मुख्य रस्त्यावर मोठा खड्डा आहे, ताबडतोब लक्ष घालावे.” असे अर्ज मी हजारोंनी वाचले असतील. दोन किलोमीटरच्या रस्त्यावर गँग नक्की कुठे पाठवायची?

जागा सांगा. दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो द्या. खांबाचा नंबर हा आमच्यासाठी पत्त्यापेक्षा भरवशाचा. रस्त्याची कुठली बाजू, कडेला की मधोमध, वळणावर की सरळ पट्ट्यात, हे लिहा. आकार हाताने सांगा: ताटाएवढा की दारावरच्या पायपुसण्याएवढा, चार बोटं खोल की वीतभर. आणि एक गोष्ट हमखास राहून जाते ती म्हणजे पाणी. खड्ड्यात पाणी आहे का, पाऊस नसतानाही आहे का? या एका ओळीने तक्रार कुठल्या टेबलावर जाणार ते ठरतं.

फोटो दोन काढा. एक जवळून, एक लांबून, ज्यात शेजारची ओळखू येणारी इमारत दिसेल. नुसत्या खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो जगातल्या कुठल्याही खड्ड्याचा असू शकतो. तीन वेगळ्या गोष्टी असतील तर तीन तक्रारी करा, कारण एकाच अर्जात दिवा, गटार आणि झाड आलं की पहिलं काम झाल्यावर सगळा अर्ज निकाली निघतो.

शेजाऱ्यांनी आधीच तक्रार केली आहे. मी परत करण्यात अर्थ आहे का?

आहे. त्याने रांगेत पुढे जाल असं नाही, पण नकाशावर ठिपका वाढतो आणि ठिपक्यांच्या दाटीतून कारण दिसतं. १८५४ मध्ये डॉ. जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातले कॉलराचे मृत्यू नकाशावर मांडले, तेव्हा ते एका सार्वजनिक पंपाभोवती गोळा झालेले दिसले. बाल्टिमोरमध्ये १९९६ मध्ये ३११ हा तक्रारींचा एकच नंबर सुरू झाला, पुढे अनेक शहरांनी तो उचलला. अशा नंबरामुळे ठिपके एका जागी जमतात. गटार तुंबल्याच्या पाच तक्रारी एकाच ओळीतल्या घरांतून आल्या, तर तो पाच घरांचा प्रश्न उरत नाही. खालची मुख्य वाहिनी कुठेतरी अडली आहे, एवढं टेबलावर बसूनच कळतं.

खड्डा बुजवला आणि महिन्याभरात पुन्हा उघडला. कामच वाईट केलं का?

कधी कधी हो. पण आधी खड्डा पडतो कसा ते पाहू.

डांबराच्या थराला वयोमानाने बारीक भेगा पडतात. त्यांतून पाणी खाली खडी-मातीच्या थरात उतरतं. ओला थर मऊ पडतो. वरून चाक गेलं की तो दबतो, चाक पुढे गेलं की उसळतो, आणि दर वेळी भेगेतून गढूळ पाण्याबरोबर थोडी बारीक माती बाहेर फेकली जाते. पावसानंतर भेगेभोवती मातकट डाग दिसला तर समजावं, खाली पोकळी होऊ लागली आहे. एक दिवस वरचं डांबर आधाराविना उरतं आणि खचतं. थंड प्रदेशात यात बर्फाची भर पडते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि भेग आतून फाडतं.

आता बुजवणं. नीट काम असं होतं: खड्ड्याच्या वेड्यावाकड्या कडा कटरने चौकोनी कापायच्या, घट्ट डांबर लागेपर्यंत. सैल खडी, चिखल, पाणी सगळं बाहेर. तळ कुटून घ्यायचा. कडांना आणि तळाला पातळ डांबराचा हात मारायचा, म्हणजे नवा माल जुन्याला धरतो. मग गरम मिश्रण थराथराने टाकून दाबायचं आणि शेवटी सांधा डांबराने बंद करायचा. मिश्रण प्लांटमधून साधारण १५० अंश सेल्सियसला निघतं आणि ८० अंशांच्या आसपास आलं की रोलर कितीही फिरवा, ते दबत नाही. म्हणून ट्रक वाहतुकीत अडकला की कामाचा दर्जा तिथेच ठरून गेलेला असतो. चांगला मुकादम ट्रकमधल्या मालाकडे नुसतं बघून सांगतो, टाकायचा की परत पाठवायचा.

भर पावसात यातलं काही शक्य नसतं. तेव्हा थंड मिश्रण टाकतात. ती मलमपट्टी असते आणि ती करायलाच हवी, कारण उघडा खड्डा दुचाकीस्वाराचा जीव घेतो. माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे: मलमपट्टी केली की कागदावर ‘काम पूर्ण’ असा शिक्का बसतो. तिथे ‘तात्पुरतं काम, पक्कं काम बाकी’ अशी नोंद पडली पाहिजे.

एक खड्डा मला कायमचा आठवतो. एका चौकाजवळ आम्ही तो एका मोसमात चार वेळा बुजवला. चौथ्यांदा एका जुन्या फिटरने खड्ड्यातलं पाणी बाटलीत घेतलं आणि क्लोरीन तपासलं. निघालं. म्हणजे ते जमिनीतलं पाणी नव्हतं, पिण्याच्या लाइनचं होतं. खाली जोडाला गळती होती. पाइप दुरुस्त झाला आणि पाचव्यांदा त्या खड्ड्याला हात लावावा लागला नाही. तेव्हापासून तक्रारदाराला मी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारतो.

गळती जमिनीखाली असेल तर शोधतात कशी?

कानाने. रात्री दोन ते चारच्या सुमारास शहराचा पाणीवापर सगळ्यात कमी असतो. त्या वेळीही एखाद्या भागाच्या मीटरवर प्रवाह जास्त दिसला तर तिथे पाणी कुठेतरी मुरतंय. मग माणसं ऐकायची दांडी किंवा मायक्रोफोन घेऊन व्हॉल्व्हवर, जोडांवर आणि रस्त्यावर कान लावत जातात. दाबाखालचं पाणी फटीतून निघताना सूं असा बारीक आवाज करतं. दोन जागी आवाज पकडून, पोहोचायला लागलेल्या वेळेच्या फरकावरून मधली जागा काढणारी यंत्रं आता आहेत. तरी अनुभवी कानाची किंमत कमी झालेली नाही.

आमच्या रस्त्यावर गाड्या फार नाहीत, तरी तो लवकर का खराब झाला?

गाड्यांची संख्या मोजू नका, वजन मोजा. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये खास बांधलेल्या चाचणी रस्त्यांवर ट्रक सतत चालवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा की नुकसान अक्षावरच्या, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या दांड्यावरच्या, भाराच्या साधारण चौथ्या घातात वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सुमारे १६ पट. गल्लीत सहा महिने बांधकाम चालू असेल आणि रोज वाळूचे, काँक्रीटचे ट्रक येत असतील, तर मोटारींच्या वर्दळीचं जन्मभराचं काम त्यांनी तेवढ्यात केलेलं असतं. म्हणून मोठ्या बांधकामाला परवानगी देताना ट्रकचा मार्ग आणि रस्त्याची अनामत रक्कम मंडळाने ठरवून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

नवाकोरा रस्ता महिन्याभरात का खोदतात?

लोकांचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीवर असतो आणि तो रास्त आहे.

रस्त्याखाली पाणी, मैला, पावसाचं पाणी, वीज, गॅस आणि दूरसंचार अशा सहा-सात मालकांच्या वाहिन्या असतात. प्रत्येकाचं अंदाजपत्रक वेगळं, मंजुरीची तारीख वेगळी. डांबरीकरणाची निविदा आधी निघते, केबलवाल्याची मंजुरी नंतर येते. यावर उपाय ठाऊक आहे: डांबर टाकण्याच्या काही महिने आधी सगळ्यांना नोटीस द्यायची, काय टाकायचं ते आत्ताच टाका म्हणून सांगायचं आणि त्यानंतर ठरावीक वर्षं त्या रस्त्यावर खोदाई बंद ठेवायची. असे नियम बऱ्याच शहरांत आहेत. अडतं ते अंमलबजावणीत. बंदीच्या काळातही ‘तातडीची दुरुस्ती’ करता येते, कारण फुटलेली गॅसची लाइन वाट पाहत नाही. पण याच दारातून नवीन जोडण्याही आत येतात. मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न विचारायला हवा की गेल्या वर्षभरात तातडीच्या नावाखाली किती परवानग्या दिल्या आणि त्यांतल्या खऱ्या किती.

दुसरी गोम चर भरण्यात आहे. चर वीत-वीतभर जाडीच्या थरांत भरून प्रत्येक थर दाबायला हवा. घाईत सगळी माती एकदम लोटून वरून डांबर ओढलं की ते वरून छान दिसतं. पहिल्या मोठ्या पावसात माती बसते आणि रस्त्यावर लांबच लांब खळगा तयार होतो. म्हणून वरचा डांबराचा पट्टा चरापेक्षा दोन्ही बाजूंनी रुंद घेतात आणि खोदणाऱ्याची अनामत रक्कम लगेच सोडत नाहीत. निदान सोडू नये. चर भरताना घरासमोर उभे असाल तर मोबाइलवर थोडं चित्रीकरण करून ठेवा, दबाई झाली की नाही याचा याहून चांगला पुरावा नाही.

रस्त्यावर रंगीत रेषा आणि बाण कोण काढून जातं?

खोदाईआधी खालच्या वाहिन्या कुठून जातात त्याची ती खूण असते. अमेरिकेतल्या पद्धतीत लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी दूरसंचार, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी आणि पांढरा म्हणजे जिथे खोदायचं ती जागा. इतर ठिकाणी रंग वेगळे असू शकतात. पुसू नका.

गटार दर वर्षी त्याच जागी का तुंबतं?

आधी कुठलं गटार ते पाहा. काही शहरांत पावसाचं पाणी आणि मैला वेगवेगळ्या वाहिन्यांतून जातो, जुन्या भागांत एकाच वाहिनीतून. मैल्याच्या वाहिनीत पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी वाहायला हवं, तरच गाळ तळाशी बसत नाही. उतार कमी पडला, पाइप कुठे खचला किंवा सांध्यातून मूळ आत शिरलं की त्याच जागी गाळ धरतो. अशा वाहिनीत नुसता काढलेला गाळ पुन्हा भरणारच. आत कॅमेरा घालून दोष शोधावा लागतो. सलग दोन वर्षं एकाच चेंबरची तक्रार असेल तर अर्जात ‘सफाई’ मागू नका, ‘कॅमेऱ्याने तपासणी’ मागा.

उरलेला दोष आपल्या मोरीचा. तेल-तूप गरम असताना वाहून जातं आणि थंड पाइपात थिजतं. त्याला पुसून फेकायचे ओले रुमाल (वेट वाइप्स) चिकटतात, ते कागदासारखे विरघळत नाहीत. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात असा २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा घट्ट गोळा सापडला. तो फोडून काढायला आठवडेच्या आठवडे गेले.

मॅनहोलचं झाकण नसेल तर काय करावं?

फोन करा, ऑनलाइन तक्रार नको. उघडं मॅनहोल ही तातडीची बाब आहे आणि ती तशीच नोंदवली जाते. माणूस येईपर्यंत लांबून दिसेल अशी खूण जवळ ठेवा.

आत उतरू नका, काहीही पडलं असलं तरी. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. धोका तेव्हाच वाढलेला असतो. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, असं वारंवार घडलं आहे. साधनांशिवाय कुणी कामगाराला आत उतरवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. ही तक्रार सगळ्या तक्रारींच्या आधी घेतली पाहिजे.

पथदिवा दिवसाही चालू असतो. एवढी वीज वाया?

उजेड ओळखणारा सेन्सर बिघडला आहे. तो बिघडला तर दिवा चालूच राहावा अशी रचना मुद्दाम केलेली असते, कारण रात्री अंधार होण्यापेक्षा दिवसा जळणं बरं. खांबाचा नंबर कळवा. सलग सात-आठ दिवे बंद असतील तर बल्ब बदलून उपयोग नाही. केबलचा किंवा फीडरचा, म्हणजे त्या ओळीला वीज पुरवणाऱ्या मुख्य लाइनचा, दोष असतो, तसं लिहा.

गतिरोधक मागितला तर नाही का म्हणतात?

एक गतिरोधक म्हणजे रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीला दर फेरीत लागणारा ब्रेक. तो पाण्याचा ओघळही अडवतो, आणि अडलेल्या पाण्याचं पुढे काय होतं ते वर सांगितलंच आहे. म्हणून आधी वेग मोजतात. शंभरांतल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत राहतात तो आकडा मर्यादेच्या बराच वर असेल तर मागणी टिकते. मंजूर झाला तर आकाराचा आग्रह धरा: ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात ठरलेला गोलसर गतिरोधक सुमारे ३.७ मीटर लांब आणि ७.५ ते १० सेंटिमीटर उंच असतो. रातोरात घातलेला अरुंद, उभा उंचवटा कंबरडं मोडतो आणि वेग नीट आवरत नाही.

मुळांनी फुटपाथ उचलला. झाड तोडणार का?

शक्यतो नाही. खोडाजवळची जाड मुळं कापली तर झाड वादळात आडवं होतं. फुटपाथ थोडा वळवणं, उतार देऊन मुळांवरून नेणं, लवचीक फरसबंदी हे मार्ग आहेत. दुरुस्तीनंतर उठावाच्या पिवळ्या लाद्या नीट बसल्या का ते मात्र पाहा. अंध माणसांसाठी या लाद्या जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामात प्रथम बसल्या. लांब पट्टे म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा. गवंड्याने अदलाबदल केली तर अंध माणूस थेट रस्त्यावर उतरतो. मी हे पाहिलं आहे आणि त्या लाद्या त्याच दिवशी उखडायला लावल्या आहेत.

आमच्या मोडक्या रस्त्याला थांबवून बऱ्या रस्त्यावर पैसे का खर्च करतात?

हे ऐकायला अन्याय वाटतं, पण बहुतेक वेळा बरोबर असतं. ज्या रस्त्याला नुसत्या भेगा आहेत, त्याच्या भेगा वेळेवर भरल्या आणि वर पातळ थर दिला की त्याचं आयुष्य कमी पैशांत वाढतं. ज्याचा पायाच गेला आहे तो आज केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, खर्च पूर्ण पुनर्बांधणीचाच. सगळा पैसा ‘सगळ्यात वाईट आधी’ या न्यायाने घातला तर दरम्यान बरे रस्तेही वाईटांच्या यादीत येतात. फक्त मोडक्या रस्त्याला तारीख मिळाली पाहिजे. रस्त्यांची स्थिती आणि क्रम यांची यादी मंडळाकडे असते. ती मागा आणि आपला क्रमांक पाहा.

सगळ्यात कमी दरवाल्यालाच काम का देतात?

नियम ‘पात्र ठरलेल्यांत सगळ्यात कमी’ असा असतो. अनुभव, यंत्रसामग्री आणि कागदपत्रं आधी तपासतात, दराचे लिफाफे नंतर सर्वांसमक्ष उघडतात. दर अंदाजपत्रकाच्या फारच खाली असेल तर तो परवडतो कसा याचा हिशोब मागता येतो आणि मागायलाच हवा. करार झाल्यावर खरी लढाई दोन ठिकाणी असते: वाढीव कामांची बिलं आणि दोषदायित्वाचा काळ. या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. रस्त्यावरच्या फलकावर हा काळ लिहिलेला असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत संपायच्या दोन महिने आधी रस्त्यावरून एक फेरी मारा आणि दिसेल तो दोष लेखी द्या. मुदत उलटल्यावर तोच खर्च तुमच्या करातून होतो.

मंडळाच्या बैठकीत मला बोलता येतं का?

बऱ्याच ठिकाणी येतं, आधी नाव नोंदवून. दोन-तीन मिनिटं मिळतात. विषयपत्रिका आधी वाचा: ज्या विषयांवर वाद नाही ते एकगठ्ठा मंजूर होतात आणि तुमचा विषय त्या गठ्ठ्यात असेल तर तो वेगळा काढायची विनंती बैठक सुरू व्हायच्या आधीच करावी लागते. जागा सांगा, तक्रार क्रमांक सांगा, एकच मागणी करा. नंतर इतिवृत्तात ती आली का ते तपासा.

खड्ड्यामुळे गाडीचं नुकसान झालं. भरपाई मिळते?

कधी मिळते. बहुतेक ठिकाणी प्रश्न असा असतो की शहराला त्या खड्ड्याची माहिती आधी होती का. न्यूयॉर्कमध्ये १९७९ मध्ये झालेल्या नियमानुसार दाव्यासाठी शहराला त्या दोषाची आधी लेखी सूचना मिळालेली असावी लागते. म्हणजे तुम्ही आज केलेली तक्रार उद्या पडणाऱ्या अनोळखी माणसाच्या कामी येते. अर्जाची मुदत थोडी असते. फोटो, वेळ, जागा आणि दुरुस्तीचं बिल लगेच जमवा.

काम न होताच तक्रार ‘निकाली’ दाखवली. आता?

नवी तक्रार करू नका, जुनीच पुन्हा उघडा. नवीन नंबर घेतला की दिवस शून्यापासून मोजले जातात. आजच्या तारखेचा फोटो जोडा आणि दोनच प्रश्न लेखी विचारा: जागेवर कोण आलं होतं, आणि कधी?